घागरबेटाचं नाक

किस्नामाईची आण, पोटच्या लेकरांची आण, ह्या परातीतल्या पिठावर हात ठिवून सांगती, ह्यातलं एक अक्षार खोटं न्हाई. ज्याला खोटं वाटंल त्यानं आत्ताच उठावं आन् आपल्या घरला जावं. मागनं "काय बी सांगतीस गं म्हातारे" म्हणलेलं मला चालायचं न्हाई.

तर, कराड मागं टाकून नदी सांगलीकडं निघाली की वाटंत एका जागी तिला दोन फाटं फुटत्यात, आन् त्या दोन फाट्यांच्या मधी घागरबेट. टेकाडावनं बगितलं तर पाण्यात कुणी घागर कलंडून ठिवल्यागत दिसतं. मागं फुगीर प्वाट, म्होरं निमुळतं टोक. ह्या टोकाला समदी नाक म्हणत्यात. वरनं येणारं पाणी पयलं नाकावर आपटतं आन् दोहो अंगांनी निघून जातं. नाक म्हंजी काळा खडक, खडकात रुतलेल्या वाळुंजाच्या मुळ्या, आन् त्येच्या आडोशाला साठलेला वाळूचा उंचवटा. पोटाकडं करंज, जांभळी आन् तीन घरं. शेपटाला निस्तं लव्हाळं.

घरं तीन आन् माणसं सात. एका घरात रंगूबाई एकटी. दुसऱ्यात चंद्राबाई आन् तिचा बहिरा नवरा. तिसऱ्यात अर्जुना मेंढका, त्येची बायकू आन् दोन लेकी. अर्जुनाचा बाप आटपाडीकडनं मेंढरं घिऊन आला तो हितंच ऱ्हायला.

माणसं सात, पर बाकीची वस्ती लय. तितली पाणमांजरं एवढी शाणी की चंद्राबाईच्या चुलीवरला मासा उचलून न्हेत्यात आन् जाताना झाकण परत ठिवत्यात. राघू तर चंद्राबाईच्या नवऱ्यागत खोकत्यात. कुठला म्हातारा खोकला आन् कुठला राघू, ते चंद्राबाईला बी वळखाय येत न्हाई. वाळूत पांढरी पाखरं उघड्यावर अंडी घालत्यात आन् जवळ गेलं की डोस्क्यावर चोच मारत्यात. आन् समद्यांच्या वर, नाकाच्या खालच्या डोहात, वन्सं.

वन्सं म्हंजी मगर. नऊ हात लांब, पाठीवर शेवाळ. रंगूबाई लगीन हुऊन गुळाच्या काईलीत बसून बेटावर आली, त्या दिवशी सासूनं डोहाकडं बोट दावून सांगितलं, "ती तुजी वन्सं. घरची लेक हाय. तिचा मान ऱ्हाखायचा, आन् तिच्या म्होरं पाय धुवायला बसायचं न्हाई." तवाची ती वन्सं आन् ही भावजय. दर साली उन्हाळ्यात वन्सं बाळंतपणाला म्हायेरी येती, नाकावरल्या वाळूत अंडी घालती. रंगूबाई तिला रोज शिव्या देती, कारण वन्संनं तिची दोन शेरडं आन् एक चांगलं कुत्रं खाल्लं. पर पंचमीला ओटी बी तीच सोडती. नणंदंसंगं भांडण असतंया, नातं तुटत न्हाई.

आता ह्या बेटावर वैशाखात एक पोरगी आली. सृष्टी तिचं नाव, मिरजंची. कसल्याशा कंपनीनं पाहणीला धाडलेली, हातात पाटीएवढा मोबाईल. हितं होडी न्हाई. गुऱ्हाळातली गूळ आटवायची मोठी काईल पाण्यात सोडायची आन् वल्हं मारायचं. सवय नसंल तर काईल जाग्यावरच गिरक्या घेती. अर्जुनानं सृष्टीला आणलं तवा तिनं पाण्यात सतरा गिरक्या खाल्ल्या, उतरली ती जांभळीखाली आडवीच झाली. भर दुपार. एक पाखरू बोलंना, एक पान हालंना. रंगूबाईनं तिला ताक दिलं. पोरगी अर्धा तांब्या प्याली, उठून बसली आन् त्या पाटीवर टकटक करायला लागली.

"काय लिवतीस बाय?" रंगूबाई म्हणली.

"फॉर्म आहे आज्जी. बेटाची माहिती."

"मग मोठ्यानं वाच की. बेट माजं हाय."

सृष्टीनं वाचलं. "बेटाचं नाव, घागरबेट. क्षेत्र, नऊ एकर. कायम वस्ती, नाही. वन्यजीव, नाही. वरच्या टोकाला सपाटीकरण करून बोटिंगसाठी धक्का बांधता येईल."

रंगूबाईनं तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. ताक अजून निम्मं हुतं.

"वस्ती न्हाई?"

"सरपंचांनी सांगितलं, तुम्ही हंगामापुरत्या येता म्हणून..."

"मग आत्ता ताक कुणाच्या हातचं प्यालीस? हडळीच्या?"

पोरीचं तोंड उतरलं. म्हणली, "आज्जी, मला दिलेलं मी भरते. वरून सगळं आधीच ठरलंय." आन् तिनं पाटीवरलं चित्र दावलं. चित्रात बेटाला नाकच नव्हतं. सुरीनं काकडीचं टोक उडवावं तसं सरळ कापलेलं, तितं रंगीत छत्र्या, खुर्च्या आन् पाण्यात हंसाच्या तोंडाच्या बोटी.

रंगूबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एकोणीसच्या साली पुराचं पाणी घरांच्या पत्र्याला लागलं हुतं. समदी माणसं काईलीतनं गावात न्हेली. आट दिसांनी पाणी वसरलं तवा भिंती पडलेल्या, भांडी वाहून गेलेली, पर बेट जाग्यावर. खालच्या अंगाला एक बेट हुतं, कुणी तरी वाळूसाठी त्येचं टोक उकरून न्हेलेलं. ते बेट पुरात गेलं ते गेलंच, आज तितं बांबू बुडंल एवढं पाणी हाय. हे रंगूबाईनं आपल्या डोळ्यांनी बगितलेलं. नाक गेलं की पयल्याच पुराला तीन घरं, जांभळी, पाखरं, समदं सांगलीच्या म्होरं जाणार. आन् ही पोरगी म्हणती वरनं ठरलंय.

तशीच ती काईलीत बसली आन् गावात ग्रामपंचायतीत जाऊन उभी ऱ्हायली.

सरपंच भाऊसो पंख्याखाली बसलेला, अंगात पांढरीशुभ्र कापडं. नात्यानं रंगूबाईचा चुलत पुतण्या. तिला बगून खुर्चीतनं अर्धाच उठला.

"या या काकू. चा सांगू का?"

"तुजा चा घाल चुलीत. बेटावर वस्ती न्हाई म्हणून कुणी सांगितलं रं?"

"आवं काकू, कागदाला तसं लिवाय लागतं. वस्ती दावली की परवानग्या वाढत्यात. तुमास्नी हिकडं गावठाणात पक्कं घर देतो. संडास, नळ, समदं."

"मला नळ नगं. नाक ऱ्हाऊ दे."

"चार दगडं आन् वाळू ती. तिला काय धरून बसलाय? गावात पर्यटन येणार हाय. पोरांस्नी काम मिळंल."

"चार दगडं?" रंगूबाईचा आवाज बाहीरच्या पारावर ऐकू गेला. "आरं मुडद्या, तू कुठं जन्मलास?"

भाऊसो हिकडं तिकडं बगायला लागला. "मिरजंच्या दवाखान्यात."

"मिरजंच्या दवाखान्यात! तुजी आय कळा द्यायला लागली तवा काईल पलीकडं हुती. माज्या घरात, माज्या हातावर पडलास तू. नाळ मी पुरली, बेटाच्या मातीत. आन् म्हणं वस्ती न्हाई. तू सोता काय लव्हाळ्यातनं उगावलास?"

पारावरची माणसं हसली. भाऊसोचं तोंड लाल झालं. म्हणला, "काकू, बास झालं. गुरवारी भूमिपूजन हाय, वाईचं गुरुजी सांगितल्यात. त्याच दिवशी जेसीबी लागणार. तुमी घरात बसा न्हाईतर मांडवात बसा, पर मधी येऊ नगा."

रंगूबाई त्येच्या टेबलावरला चा उचलून त्येच्याच झाडाच्या कुंडीत वतून आली.

चार दिस तिनं कुणाकुणाचं दार वाजवलं सांगू? तलाठ्याला गाठलं, तो म्हणला माज्याकडं न्हाई. तालुक्याला गेली, तितला सायेब म्हणला अर्ज द्या. अर्ज दिला तर म्हणला, "पत्ता काय लिहिलाय? घागरबेट? तिथं वस्ती नाही." तितल्या तितं तिला हसू बी आलं आन् रडू बी, आन् मग दोन्ही गिळून तिनं त्या सायबाला एवढ्या शिव्या हाणल्या की शिपाई दारात येऊन ऐकत उभा ऱ्हायला. हिकडं आटलेल्या फाट्यात मुरूम टाकून बेटापतोर रस्ता झाला बी.

बुधवारी सकाळी ती नाकावर गेली. वन्सं डोहात डोळं तेवढं वर काढून पडलेली. रंगूबाई तिला म्हणली, "तुला काय, तू बुडी मारशीला. मी कुठं जाऊ?" आन् रागानं वाळूवर बसली. बसली तवा बुडाखालनं आवाज आला. उंक. उंक. तिनं कान लावला. अंड्यातली पिल्लं आतनं हाका मारत हुती. बाहीर यायच्या आदी आयला अशा हाका मारत्यात. आय ऐकती, उकरती आन् तोंडात धरून एकेकाला पाण्यात न्हेती. रंगूबाईनं हे साठ उन्हाळं बगितलेलं. म्हंजी आज न्हाईतर उद्या.

ती उठली आन् तशीच घरला पळाली, वयाला शोभत नव्हतं तरी. म्हणली, "अर्जुना, कडूनिंबाची डहाळी आण मोप. आन् चंद्राबाई, तुज्याकडं शेपा-ओवा हाय न्हवं?"

गुरवारी मांडव सजला. जेसीबीला झेंडूचा हार, पिपाणीवालं, खुर्च्या, वाईचं गुरुजी सोवळं नेसून पाटावर. सृष्टी पाटी घिऊन कडंला उभी. भाऊसोनं नवा फेटा बांधलेला. आन् समदी बगत्यात तर काय, नाकाच्या तोंडाला दोन बांबू रोवलेलं, त्यास्नी कडूनिंबाची डहाळी बांधलेली, आन् मधी शेगडी ठिवून रंगूबाई बसलेली. शेगडीत शेपा-ओव्याचा धूर. घरात बाळंतीण असली की दारात कसं करत्यात, अगदी तसं.

गुरुजी थबकलं. "इथं कोण बाळंत झालंय?"

"घरची लेक," रंगूबाई म्हणली. "वन्सं. वाळूत. सोयर हाय गुरुजी, भाऊसोला बी हाय. आमची भावकी एक."

"कोण वन्सं?"

"मगर."

पिपाणीवाला वाजवता वाजवता हसला आन् पिपाणीतनं भलताच सूर निघाला. भाऊसो म्होरं आला. "काकू, डोस्कं फिरलंय व्हय? मगर व्याली म्हणून कुणी सोयर धरतंय?"

"तू धरतोस," रंगूबाई ओरडली. "गेल्या पंचमीला निवडणूक हुती तवा ओटीचं ताट घिऊन कोण आलतं हितं? व्हिडू कुणी काढला? काढा रं त्यो व्हिडू!"

गर्दीतल्या एका बाईनं मोबाईल काढला आन् आवाज मोठा केला. त्यातनं भाऊसोचाच आवाज आला. "ही नुसती मगर न्हाई. ही आमच्या घराण्याची लेक, आमची माहेरवाशीण. हिचा मान ऱ्हाखणं ही माजी जबाबदारी."

कुणी हसलं न्हाई. समदी गुरुजींकडं बगायला लागली.

गुरुजींनी घाम पुसला. "यजमानांनी नातं मानलंय खरं. आणि लेक माहेरी बाळंत झाली तर घराला सोयर असतं. संकल्प सोडता येणार नाही."

"आवं पर ती बाळंत झालीया कुठं?" भाऊसो म्हणला. "अंडी तर दोन म्हैन्यांमागंच घातली!"

"कान लावा गुरुजी," रंगूबाई म्हणली.

आन् गुरुजी, सोवळ्यात, ओणवं झालं. वाळूला कान लावला. उठलं तवा कानात वाळू आन् डोळं बशीएवढं. "आत रडतायत," म्हणलं, आन् पोथी गुंडाळली.

मग भाऊसोचा तोल सुटला. "पूजा गेली उडत! ए, चालू कर रं मशीन!"

डायवर गावचाच. त्येनं एकदा डहाळ्याकडं बगितलं, एकदा भाऊसोकडं, आन् चावी फिरवली. जेसीबी धडधडला. बेट हाललं. आन् खाली वाळूत पिल्लांनी एकच कालवा केला.

तवा डोहाचं पाणी फाटलं.

वन्सं वर आली ती चार पायांवर उभी चालत आली, पोट भुईला न लावता, लगीनघरातनं इहीण चालती तशी. मांडव दोन मिनिटांत मोकळा. पिपाणीवालं करंजावर. गुरुजी काईलीत उडी मारून बसलं आन् वल्हं नसल्यानं डोहाच्या मधोमध गिरक्या घ्यायला लागलं. म्हणत्यात, तेवढ्यात रामरक्षा तीनदा म्हणून झाली. डायवरनं काच लावून घेतली. भाऊसो पळून पळून जेसीबीच्या बकेटात चढला आन् डायवरनं घाबरून बकेट वर उचलली. वर भाऊसो, फेटा सुटून खाली लोंबतोय, खाली वन्सं. जेसीबीचा झेंडूचा हार तिच्या पाठीवर पडला, तो तसाच घिऊन ती म्होरं गेली.

रंगूबाई जाग्यावनं हालली न्हाई. वन्सं तिच्या शेगडीपासनं हातभरावनं गेली. भावजयीनं पदर सावरला, एवढंच.

वन्संनं पुढल्या पायानं वाळू उकरली. पांढरी टरफलं दिसली. वीतभर पिल्लं, पिवळीकाळी, उंक उंक करत्यात. ज्या जबड्यानं शेरडू मोडतं त्या जबड्यात तिनं एकेक असं उचललं की वाटावं फुलं गोळा करतीया. तोंडभर घ्यायची, डोहात जायची, सोडायची, परत यायची. पाच खेपा केल्या. सृष्टी पळाली न्हाई. जांभळीच्या बुडाला टेकून पाटी धरून उभी, आन् मोठ्यानं मोजती. "एकोणीस... बावीस... सव्वीस."

सव्वीसावं न्हेऊन वन्सं बुडाली, तवा सृष्टी बकेटाकडं बगून म्हणली, "सरपंच, इथं आता काही होणार नाही. मगरीच्या घरट्याला हात लावणं गुन्हा आहे, आणि माझ्याकडं व्हिडिओ आहे. वन विभागाला कळवलंय." आन् पाटीवर वाचून दावलं. "वन्यजीव, आहे. मगर, प्रजननाची जागा. वरच्या टोकाला खोदकाम करता येणार नाही."

अर्जुनाच्या लेकींनी टाळ्या वाजवल्या. चंद्राबाईच्या म्हाताऱ्यानं, न्हाईतर राघूनं, खोकून घेतलं. नाक वाचलं. आता रंगूबाईनं खूश व्हायला पायजे हुतं न्हवं? ती उलटी आणिकच पेटली.

"वन्सं लिवलीस?"

"हो आज्जी."

"सव्वीस पिल्लं लिवलीस?"

"हो."

"ती पिल्लं जगात येऊन घटका न्हाई झाली. मी साठ वरसं हितं हाय. मी लिवली का?"

सृष्टीनं पाटीवर बोट फिरवून बगितलं.

"नाक वाचलं ते मगरीपायी. उद्या वन्सं मेली तर? माजं घर बुडतंय म्हणून चार दिस बोंबलली, तवा एकाचा बी कान उघडा नव्हता. मगर चालत आली तर समदा कायदा चालत आला! आमी सात माणसं काय तिच्यापरीस कमी चावतो म्हणून मोजायची न्हाईत? लिव. आत्ता लिव. रंगूबाई. चंद्राबाई. तिचा म्हातारा. अर्जुना, त्येची बायकू सुलाबाई, लेकी दोन, शिवांजली आन् राजाक्का. कायम वस्ती."

"नावांसाठी जागा नाहीये आज्जी. फक्त आकडा घालता येतो."

"मग आकडा घाल. आन् ठळक घाल."

सृष्टीनं सात घातला. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं. रंगूबाईनं ते बगितलं, पर त्या दिवशी तिला कुणाची दया यायला सवड नव्हती.

मग डायवरनं बकेट खाली घेतली. भाऊसो उतरला. फेटा मातीत. तो रंगूबाईच्या म्होरं आला, वाकला, तिचं पाय धरलं आन् म्हणला, "काकू, चुकलं माजं. मी हितंच जन्मलो. माजी नाळ हितं हाय." रंगूबाईनं त्येला उठवलं, त्येच्या डोस्क्यावरची माती झाडली.

आता माज्याकडं असं बगू नगा.

बरं. काईल खरी, गुरुजींची रामरक्षा खरी, वन्सं हार घालून गेली ते बी खरं, पायजे तर पिपाणीवाल्याला इचारा. भाऊसोनं पाय धरलं, तेवढं माज्या पदरचं हाय. त्येनं काय बी धरलं न्हाई. बकेटातनं उतरला, फेटा झटाकला, आन् काकूकडं न बगता मुरमाच्या रस्त्यानं तरातरा निघून गेला. जाताना पूजंचा नारळ तेवढा उचलून न्हेला.